राख टाकायची राहिलेलं दूध

आमच्या घरात माणसं तीन होती आणि जेवणंही तीन. अप्पा पित्ताचे, आई वाताची आणि मी कफाची, अशी वाटणी मला कळू लागण्याआधीच होऊन गेलेली होती. पाटावर आम्ही शेजारी शेजारी बसत असू, पण ताटांत मात्र तीन ऋतू नांदत. अप्पांच्या ताटात जुन्या तांदळाचा मऊ भात, दुधीची भाजी, मुगाचं साधं वरण आणि वर तुपाचा सोनेरी ओघळ. आईच्या वाटीत तेच वरण लसूण-हिंगाची फोडणी लेवून वाफाळत येई, कारण वाताला गार आणि कोरडं खपत नाही. माझ्या वाट्याला नाचणीची भाकरी, आल्याचा तुकडा, मधाचं बोट आणि दह्याची कायमची बंदी. डहाणूजवळ, आशागडच्या बाजूला आमची चिकूची वाडी होती. पिकल्या फळांचा गोड, दमट दरवळ उशीपर्यंत येत असे, आणि त्या वाडीत जन्मलेल्या मला दिवसाला एकच चिकू मिळे. फळ थंड, जड आणि गोड, म्हणजे कफाचं सख्खं भावंड, असं अप्पांचं मत होतं. मी चोरून खाल्लेला दुसरा चिकू त्यांना माझ्या जिभेवरच्या पांढऱ्या थरात दिसे. त्या वयात मला ती जादू वाटायची. आज तिच्यामागचं तर्कशास्त्र थोडंफार कळतं, तरी आरशात जीभ बाहेर काढताना अजून चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.

अप्पा वैद्य होते. घराच्या ओटीवर त्यांचा दवाखाना, त्यामागे औषधांची खोली आणि तिच्यामागे अंगणाकडे उघडणारी पडवी. सकाळी मला जाग येई ती खलबत्त्याच्या ठोक्यांनी. सुंठ कुटताना तो आवाज कोरडा आणि खणखणीत असे, हिरडा कुटताना मंद, ओलसर. डोळे मिटूनच मी आज कुणाला खोकला आहे आणि कुणाचं पोट साफ नाही ते ओळखत असे. रोग्याच्या मनगटावर अप्पा तीन बोटं ठेवत. अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी, तिथे वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी डुलत जाते, असं त्यांनी मला शिकवलं होतं. मी कवितांच्या नादी लागलेली मुलगी. माणसाच्या मनगटात साप, बेडूक आणि हंस राहतात या कल्पनेने मी इतकी भारून गेले होते, की वैद्यक हा उपमांचाच कारभार आहे असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. पुढे आयुष्यभर मी मुलांना कविता शिकवली. उपमेवर विसंबून राहू नये, हे मात्र मी वर्गात शिकले नाही.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, अप्पा मोटारसायकलवरून तलासरीला जात. तिथल्या एका वाण्याच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसत. शाळेला सुट्टी असली की मीही मागे बसून जाई, मांडीवर पुड्यांची पिशवी घट्ट धरून. तिथे अप्पा मराठीत सुरुवात करत, गुजरातीत वळत आणि पाड्यांवरच्या माणसांशी त्यांच्या बोलीत संपवत. पोटातल्या वाताला एकाशी बोलताना ते 'वायू' म्हणत, दुसऱ्याशी 'वारं'. पोट सगळ्यांचं एकच, असं वर मला सांगत. त्यांचं सगळं शास्त्र त्या पोटाभोवती फिरे. आत एक अग्नी आहे, तो मंद झाला की अन्न अर्धकच्चं राहतं, त्या कच्च्या रसाचा आम होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो. म्हणून आधी लंघन, मग पाचन, आणि औषध सगळ्यात शेवटी. औषध मागायला आलेल्या माणसाला दोन दिवस पेज आणि सुंठेचं पाणी पिऊन परत ये म्हणून सांगितलं, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होत असे.

डोंगरातून गुळवेल, मुसळी, कुड्याची साल घेऊन येणारी सोनजीमावशी तिथे त्यांच्या शेजारीच बसायची. तिच्या पाड्यावरची बाळंतपणं तिच्याच हातची. अप्पा तिला मानत, ती त्यांना मानत नसे. एकदा भर गर्दीत तिने त्यांना विचारलं होतं, "वैद्यबुवा, सगल्यांची नाडी बघतां, तुमची कोन बघतं?" लोक हसले. अप्पाही हसले आणि म्हणाले, की वैद्याला स्वतःची नाडी कळत नाही, म्हणून तर त्याने आजारी पडू नये. परतीच्या वाटेवर, वाऱ्यात शब्द विरत असताना, त्यांनी मला उपचाराचे चार पाय सांगितले होते: वैद्य, औषध, रोगी आणि रोग्याची सेवा करणारा. यातला एक पाय लंगडा असला तरी उपचार पडतो. आणि रोगी चांगला कुठला? ज्याला सगळं आठवतं, जो सांगितलेलं पाळतो, जो भीत नाही आणि जो काही लपवत नाही.

आता बचनागाविषयी सांगायला हवं. वासराच्या बेंबीसारखं दिसतं म्हणून संस्कृतात त्याला वत्सनाभ म्हणतात. किती कोवळं नाव आहे, आणि मूळ मात्र जहाल विष. मुंबईच्या काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडून ते येई, काळपट, सुरकुतलेलं, वासही फारसा नसलेलं. तापाच्या आणि सांधेदुखीच्या गोळ्यांत ते अगदी किंचित पडायचं, पण त्याआधी त्याचं शोधन करावं लागे. तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात भिजवायचे, रोज गोमूत्र बदलायचं. मग ते तुकडे फडक्यात बांधून, भांड्याच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या काठीला ती पुरचुंडी टांगायची आणि उकळत्या दुधात तासन् तास झुलत ठेवायची. मुळातलं विष दुधात उतरतं आणि मूळ सौम्य होतं. मग ते दूध अंगणाच्या टोकाला खड्डा करून पुरायचं. या कामात आमच्या घरची एक सक्त रीत होती: पुरचुंडी वर काढली, की भांडं चुलीवरून हलवण्याआधी दुधात ओंजळभर राख टाकायची. पांढरं दूध पांढरं राहता कामा नये. ही रीत कुठल्या पोथीत नव्हती. अप्पांच्या वडिलांनी घातली होती. का घातली, ते कुणी सांगत नसे, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी अप्पा तलासरीला गेले होते. मला घरी ठेवलं होतं, कारण शोधनाचा शेवटचा दिवस होता आणि पहिल्यांदाच ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी फुशारून गेले होते. सकाळभर पडवीत शेगडीजवळ बसून मी दुधात झुलणाऱ्या पुरचुंडीकडे पाहत होते आणि मनात शब्द जुळवत होते. दुपारी पुरचुंडी काढली, गरम पाण्याने धुतली, तुकडे सुपात वाळत घातले. राखेचा डबा रिकामा होता. शेगडीतली राख अजून निखाऱ्यांनी धगधगत होती, म्हणून गार राख आणायला मला न्हाणीघरातल्या बंबाकडे जावं लागणार होतं. पडवीत मांजर घुटमळत होती, कठड्यावर कावळे बसले होते. त्यांनी तोंड घालू नये म्हणून मी ते दूध पातेल्यात ओतलं, स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलं आणि वर ताटली झाकली. मुक्या जिवांची काळजी घेतली होती मी. मग बंबाकडे जाताना वाडीच्या कडेला थांबले. चिकूच्या पानांतून ऊन गाळून खाली येत होतं आणि मला एक ओळ सुचत होती. ती ओळ आज मला आठवत नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी ती आठवण्याचा प्रयत्न केला आहे, कारण तिची किंमत काय होती ते मला माहीत आहे.

तेवढ्यात आई वाडीच्या दुसऱ्या अंगाने घरात आली. चिकू निवडून तिचे हात चिकाने चिकट झाले होते. तिने हात धुतले, पातेलं उघडलं, वर धरलेली साय पाहिली. अप्पा उन्हातून आले की पित्ताला उतार म्हणून गार केलेलं, खडीसाखर घातलेलं दूध घेत. मी ते आधीच तापवून ठेवलं आहे असं तिला वाटलं आणि पोरगी शहाणी झाली म्हणून तिला बरंही वाटलं. हे तिने मला पुढे अनेकदा सांगितलं, दर वेळी त्याच शब्दांत. तिने पेला भरला, पाण्याच्या परातीत गार करत ठेवला. फाटकाशी मोटारसायकल वाजली, अप्पा आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि उभ्यानेच अर्धा पेला प्यायले.

मी राख घेऊन मागच्या दाराने आत आले ती त्याच क्षणी. अप्पांनी पेला ओठांपासून दूर केला होता. ते जीभ टाळूवर फिरवत होते, एखाद्या चूर्णाची पारख करताना फिरवत तशी. माझ्या ओंजळीतली राख त्यांनी पाहिली. मग ओट्यावरचं पातेलं पाहिलं. त्यानंतर माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं, त्यात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहता आलं असतं.

"पुरचुंडी कधी काढलीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आईला अजून काहीच उमगलं नव्हतं; ती विचारत होती, दूध नासलं का हो? अप्पा अंगणात गेले आणि घशात बोटं घालून ओकू लागले. पंचकर्मातलं वमन मी पूर्वी पाहिलं होतं. वसंतात ते कफाच्या रोग्यांना भरपूर ज्येष्ठमधाचा काढा पाजत, पाठीवर हात फिरवत, कपाळ धरत, पाहणाऱ्यालाही तो संस्कार वाटावा इतक्या निगुतीने सगळं करत. त्या दुपारी त्यांचं कपाळ धरायला कुणी नव्हतं. मी जागच्या जागी खिळले होते आणि बोटांतून राख गळत होती. मग त्यांनी फुलवलेला टाकणखार तुपात कालवून मागितला. बचनागावर तोच उतारा त्यांना ठाऊक होता. आईने तो अचूक आणला. त्यांनी तो गिळला आणि जे म्हणाले ते ऐकून मी विषाच्या बातमीपेक्षाही जास्त हादरले.

"हे वाटेपुरतं झालं. आता रिक्षा बोलवा. डॉक्टरांकडे."

ज्या डॉक्टरांविषयी ते बोलत होते, त्यांना आमच्या घरात 'सलाईनवाले' म्हणत. अप्पांना ते 'काढेवाले' म्हणतात, हेही आम्हाला ठाऊक होतं. लग्नाकार्यात समोरासमोर आले की दोघे एकमेकांना अतिशय अदबीने टोचत. त्यांच्या दारात पाऊल टाकण्यापेक्षा अप्पा आठ दिवस लंघन करतील, अशी माझी खात्री होती.

शेजारचा वसंत रिक्षा चालवायचा. तो जेवणावरून उठून तसाच आला. अप्पा मध्ये, आई एका बाजूला, मी दुसऱ्या. डहाणूपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा पाहिलेला. ताडाची झाडं, ताडीची मडकी, वाड्यांची कुंपणं, सगळं तसंच होतं आणि मला त्याचाच धक्का बसत होता; जगाला काहीच कळलेलं नव्हतं. अप्पांचे ओठ बधिर झाले होते. ते बोटं उघडत होते, मिटत होते. मग त्यांनी माझा हात ओढला आणि माझी तीन बोटं स्वतःच्या मनगटावर दाबली. शब्द जड येत होते.

"बघ. कशी आहे?"

मी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नाडी मी पाहिली. तिच्यात साप नव्हता, बेडूक नव्हता. ठोके येत, येत आणि मग एक ठोका येतच नसे. त्या रिकाम्या जागेत रिक्षाचा आवाज, आईचा श्वास, वसंतने उगाच वाजवलेला भोंगा, सगळं मावत होतं. मग पुन्हा नाडी धावत सुटे, जणू हरवलेलं गाठायला. मी त्यांच्याकडे पाहिलं. अप्पा माझ्याकडे पाहत होते. रोगी माझ्या वडिलांकडे ज्या डोळ्यांनी पाहत, त्याच डोळ्यांनी.

"ठीक आहे, अप्पा," मी म्हणाले. "सरळ चालली आहे."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. त्या सैल होण्याने मी आतून गोठले.

दवाखान्यात डॉक्टर दारातच भेटले. "वैद्यराज, आज आमच्याकडे?" असं त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि अप्पांचा चेहरा दिसताच ते वाक्य त्यांनी जणू परत गिळलं. त्यांनी अप्पांना आडवं केलं, छातीला वायरी लावल्या. काय घेतलं, विचारलं. आई पटकन पुढे झाली आणि म्हणाली की यांनीच आपल्या हाताने औषध जरा जास्त घेतलं, कामाच्या गडबडीत. तिला मला वाचवायचं होतं, आणि स्वतःलाही. अप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलला, आईला बाजूला सारलं आणि माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर माझ्याकडे वळले.

मी सगळं सांगितलं. किती मुळं होती, गोमूत्र किती वेळा बदललं, दूध किती, किती वेळ उकळलं, पेला किती मोठा, अर्धा प्यायल्यावर थांबले, किती मिनिटांनी ओकले. राख टाकायची राहिली हेही सांगितलं, आणि का राहिली तेही. कवितेचंही नाव घेतलं. डॉक्टर मध्ये एकदाही हसले नाहीत. उपहासाची इतकी सुरेख संधी त्यांना जन्मात मिळाली नसती. ते फक्त लिहून घेत राहिले आणि परिचारिकेला एकामागून एक इंजेक्शनं सांगत राहिले. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, अडखळत होती. जे मी बोटांखाली लपवलं होतं, ते भिंतीवर सगळ्यांना दिसत होतं. त्याविषयी मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

संध्याकाळनंतर ती रेघ हळूहळू शिस्तीत आली. त्या रात्री आई आणि मी बाकावर बसून होतो. ती माझ्या नखांतली राख आपल्या पदराने काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांना नीट बोलता येऊ लागलं. आता बोलणी बसतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी कागद मागितला. कागद नव्हता, कपाटावरच्या सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा मी फाडून घेतला. ते सांगू लागले आणि मी लिहू लागले. पहिली चव गोड, दुधाची आणि खडीसाखरेची. मग जिभेच्या टोकाला झिणझिण्या. ओठ जड. बोटांची टोकं बधिर, नंतर गाल. मी कुठे तरी 'जणू' लिहिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं.

"छातीत धडधड," ते म्हणाले. "आणि भीती. भीती लिही."

"ते कशाला, अप्पा?"

"लक्षण आहे. लक्षण गाळायचं नसतं."

मी लिहिलं. जो भीत नाही तो चांगला रोगी, असं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकत होते, आणि तो शब्द त्यांनी सुंठ किंवा हिरडा म्हणावं इतक्या सहज उच्चारला होता.

"आता नाडी," ते म्हणाले. "रिक्षातली. तू सरळ चालली आहे म्हणालीस."

खोटं बोलण्याची ती दुसरी संधी होती. आजही कधी कधी वाटतं, मी तीच घेतली असती तर तो प्रसंग एका प्रेमळ गोष्टीसारखा आमच्या घरात राहिला असता.

"सरळ नव्हती," मी म्हणाले. "थांबत होती."

"किती ठोक्यांनी?"

"एकदा चारांनी. एकदा सातांनी. नंतर मी मोजायची थांबले."

इतकी वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांचा एकही शब्द अप्पांनी पारखल्याशिवाय घेतला नव्हता. ते ओरडतील, या विद्येला तू लायक नाहीस म्हणतील, असं मला वाटलं, आणि मी ते ऐकायला तयारही होते.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "तुझी बोटं गार पडली होती. तरी मी तुझं मानलं. मानायचंच होतं मला." मग त्यांनी पुड्यांवर नाव घालायला सांगत त्याच स्वरात सांगितलं, "लिही. सेवा करणारीने खोटं सांगितलं. रोग्याने ते खरं मानलं. त्या वेळी दोघेही घाबरलेले होते."

पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती. शेवटचं वाक्य मला कडेने, उभं लिहावं लागलं.